मंगळवारचे मासे

जरा डोळे मिटा बघू. एक डोळा किलकिला ठेवणारे तुमच्यात असतीलच, त्यांचंही चालेल. आता असं समजा, की सकाळचे सात वाजलेत आणि तुम्ही एका बंदरातल्या मासळीच्या शेडमध्ये उभे आहात. पायाखालची फरशी ओली, बर्फाचा चुरा चपलेत शिरतोय, वरच्या पत्र्यावर पक्ष्यांची पावलं टपटप वाजताहेत. शेडच्या मधोमध वजनाचा मोठा काटा टांगलाय. हल्ली तिथे लाल आकडे उजळणारं यंत्र आलंय; पण ही गोष्ट घडली तेव्हा पितळी तबकडी होती, आणि ती रोज सकाळी घासूनपुसून लख्ख करणारा एक तरुण तिथे उभा असायचा. सगळे त्याला काटेवाला म्हणत.

दिसला? मग आता त्याचा हात बघा. एका पाटीत त्याला एक अनोळखी मासा दिसला. मातकट रंगाचा, वीतभर लांब, तोंड थेट सशासारखं. ‘हा कुठला रे बाबा?’ म्हणत त्यानं तो उचलला मात्र, आणि अशी कळ गेली कोपरापर्यंत, की तो मटकन खालीच बसला.

“एवढ्याशा माशानं लोळवला की रे तुला!” नावाडी हसायला लागले.

तेवढ्यात दारातून कोणीतरी धावत आलं. पाठीवर पिशवी, केसांत खोचलेली पेन्सिल. त्या मुलीनं चहावाल्याची किटली सरळ उचलली, बादलीत गरम पाणी ओतलं, बोट बुडवून अंदाज घेतला आणि काटेवाल्याचा हात मनगटापर्यंत आत दाबला.

“अहो, भाजेल!”

“नाही भाजत. या माशाच्या काट्यात विष असतं, ते उष्णतेनं ढिलं पडतं. हात काढायचा नाही!”

“किती वेळ?”

“दुखायचं थांबेपर्यंत.”

दुखणं पाऊण तासात थांबलं. हात मात्र काटेवाल्यानं सव्वा तास पाण्यात ठेवला. पाणी निवलं की ती थोडं गरम ओतायची आणि विचारायची, “अजून?” आणि तो जमेल तेवढा कळवळून म्हणायचा, “थोडं… आहे अजून.”

त्या सव्वा तासात त्याला पुष्कळ कळलं. ती समुद्रावर संशोधन करणाऱ्या संस्थेतून आली होती, बसनं दोन तासांवरून. आणि आली होती ती नेमकी याच माशाच्या शोधात.

“हा मूळचा उबदार पाण्यातला,” ती म्हणाली. “समुद्र तापत चाललाय, तसा हाही हळूहळू इकडे सरकतोय. खडकांवरचं समुद्री गवत खातो. खातो म्हणजे काय, खडक तासून बोडके करतो! मग इथल्या माशांच्या पिल्लांनी लपायचं कुठे?”

“म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा.”

“पाहुणा जातो तरी. हा मुक्कामच ठोकतो.”

पण माशाचं नाव ‘पाहुणा’ पडलं ते पडलंच. जाताना ती म्हणाली, “तुमच्या खाडीत तो किती येतोय ते मला मोजायचंय. दर मंगळवारी येईन. दिसला की बाजूला ठेवाल?”

“ठेवीन की.”

पुढच्या मंगळवारी बादलीत दोन पाहुणे होते. तिचा चेहरा असा खुलला, जणू कोणी तिच्या हातात फुलंच दिलीत. लाकडी पट्टीवर मासा आडवा करून ती लांबी सांगायची, “एकवीस.” तोही उगीचच म्हणायचा, “एकवीस.” ती मान वर करून बघायची. मग दोघंही पुन्हा माशाकडे.

शेडमधले झाडून सगळे तिला ताई म्हणत. म्हाताऱ्या नावाड्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची ती ताई. काटेवाला मात्र तिला काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली, की तो खाकरायचा, नाहीतर काट्यावर टिचकी मारायचा. एकदा घाईघाईत त्याच्या तोंडून “अहो, ऐकलं का…” निघून गेलं, आणि अख्खी शेड खो खो हसली. ती पट्टी पुसत राहिली. मान खाली, पण कानाच्या पाळ्या लालबुंद.

तिसऱ्या आठवड्यात पंचाईत झाली. सोमवार उजाडला तरी खाडीतून एकही पाहुणा आला नाही. काटेवाल्याला जेवण जाईना. मासा नाही म्हटल्यावर ती कशाला येईल? आली तरी पुन्हा कशाला येईल?

त्याचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी होते. चार-चार दिवस दूर दक्षिणेच्या पाण्यात जायचे, आणि त्या सोमवारीच परतले होते. हा गेला त्यांच्याकडे.

“भावोजी, तो सशाच्या तोंडाचा मासा तुम्हाला तिकडे मिळतो?”

“ढीगभर. टाकून देतो आम्ही.”

“टाकू नका. आणत जा.”

“कोणासाठी? त्या ताईसाठी होय?”

“ताई नाही ती.”

“मग कोण रे?”

भावोजींच्या मांडीवर त्यांची मुलगी चिमी बसली होती, सात वर्षांची. तिनं फार विचार करून विचारलं, “मामी?”

भावोजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पण बोटीच्या बर्फात सापडलेले पाच पाहुणे त्यांनी मेहुण्याच्या हवाली केले, आणि पुढे दर फेरीला आणत राहिले.

आता त्या शेडचा एक रिवाज सांगायला हवा. मासा कुठल्या पाण्यात सापडला, हे तिथे कधीच कोणी विचारत नसे. बोट ज्या बंदराची, मासा त्या बंदराचा. बापजाद्यांपासून असंच चाललेलं. म्हणून काटेवाल्यानं त्या पाच माशांच्या चिठ्ठ्यांवर आपल्याच बंदराचं नाव लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात. आपण काही चुकीचं लिहितोय असं त्याच्या मनातही आलं नाही.

पाच झाले, मग सात झाले, मग बारा. मंगळवार येत राहिले. तिच्यासाठी त्यानं एक बुटकं स्टूल आणून ठेवलं. थंडीत तिची बोटं बर्फानं आखडायची, तेव्हा किटली आपोआप तिच्या हाताशी सरकायची.

“तुमचं काम मासे तोलायचं आहे ना?” एकदा तिनं विचारलं. “मग सारखं इकडे काय बघता?”

“काटा स्थिर व्हायची वाट बघतोय.”

“काट्यावर तर काहीच नाही!”

“म्हणूनच वेळ लागतोय…”

ती हसली. ते हसू त्याला आज इतक्या वर्षांनीही जसंच्या तसं आठवतं. हसताना ती हाताच्या मागच्या बाजूनं नाक पुसायची, कारण तळव्याला माशाचा वास असायचा.

मग एका मंगळवारी तिनं स्टुलावर एक मोठा कागद पसरला. त्यावर एक लाल रेघ होती, जिन्यासारखी चढत गेलेली.

“बघा! एकसष्ट मासे. इथलं पाणी तितकंसं तापलेलं नाही, तरी पाहुणा इथे येऊन राहिलाय. आमचे सरसुद्धा चकित झालेत. येत्या गुरुवारी मी हे संस्थेत मांडणार. मग त्याला आवर घालायचं सगळं काम याच खाडीपासून सुरू होईल.” तिनं कागदाचा कोपरा सपाट केला. “आणि… माझं इथलं काम संपलं.”

काटेवाल्यानं त्या रेघेकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की तिला मासे नको होते. मासे कुठून आले, ते तिला हवं होतं. म्हणजे ही चढती रेघ पाण्याची नव्हतीच. त्याचीच होती.

गप्प बसावं, तर ती हसत जाणार. सांगावं, तर चिडून जाणार. जाणार तर होतीच. पण गप्प बसलं, तर सगळे इथे येऊन नसलेला मासा शोधत बसतील, आणि तो खरोखर जिथे खडक बोडके करतोय तिकडे कोणी फिरकणारही नाही. आणि एक ना एक दिवस हे उघड होईल, तेव्हा मान खाली तिची जाईल.

“हे मांडू नका,” तो म्हणाला.

“का?”

“यातले तीनच मासे इथले आहेत. पहिला, आणि नंतरचे दोन.”

“आणि बाकीचे अठ्ठावन्न?”

“मागवलेले. भावोजींच्या बोटीवरून… दक्षिणेकडून.”

तिनं कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“चिठ्ठ्यांवर या बंदराचं नाव होतं.”

“बोट या बंदराची आहे ना. आमच्याकडे तसंच लिहितात.”

“तू… एक वर्ष! तू मला एक वर्ष भलतेच मासे मोजायला लावलेस?”

ती त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली होती. एरवी तो आनंदानं वेडा झाला असता. तिनं कागदाची गुंडाळी केली, पट्टी पिशवीत कोंबली आणि ती साडेनऊच्या बसनं निघून गेली.

पुढचा मंगळवार आला, ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काटेवाला मात्र रोज सकाळी खाडीतून आलेल्या पाटीन् पाटी उपसून बघायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, “कुठल्या पाण्यातली?” लोक वैतागले. “अरे, मासा तोल, त्याचं मूळगाव काय विचारतोस?” तरी तो विचारायचा आणि लिहून ठेवायचा.

तिसऱ्या मंगळवारी त्यानं तबकडीवरून मान वर केली, तर समोर ती. चेहरा दमलेला, पेन्सिल मात्र केसांतच.

“सरांनी चांगलंच फैलावर घेतलं,” ती म्हणाली. “ते अठ्ठावन्न मासे वहीतून गेले. पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण एक वर्ष.”

“फार वाईट झालं,” तो म्हणाला. पण ‘पूर्ण एक वर्ष’ ऐकून त्याचा चेहरा काही त्याला साथ देईना.

“हसू नका. मी अजून रागावलेय.”

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. तारखा, बोटी, पाणी कुठलं ते; आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द: नाही, नाही, नाही.

ती बराच वेळ वाचत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, “मासे का मागवलेत?”

“बादली रिकामी दिसली, तर तुम्ही यायच्या बंद व्हाल म्हणून…”

“वेडे आहात का हो?” तिचा आवाज एकदम मऊ झाला. “मासा नसणं हीसुद्धा माहितीच असते. शून्यसुद्धा लिहावं लागतं, आणि ते घरबसल्या लिहिता येत नाही. त्यासाठी यावंच लागतं.”

“दर मंगळवारी?”

“दर मंगळवारी.” ती कागदाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. “आणि… खरं सांगू? पहिल्यांदा आले ती माशासाठी. दुसऱ्यांदाही माशासाठीच. तिसऱ्या खेपेचं मात्र खात्रीनं सांगता येणार नाही.”

शेडमध्ये तेवढा वेळ तरी कोणी ओरडत नव्हतं, किंवा ओरडत असेल तर त्याला ऐकू आलं नाही. त्यानं ओला हात सदऱ्याला पुसला.

“तुम्ही मला फार आवडता,” तो म्हणाला. “हे इथलंच आहे हं. कुठून मागवलेलं नाही.”

तिनं हात पुढे केला, आणि त्याच्या तळव्यावरचा तो जुना, बारीकसा व्रण अंगठ्यानं चाचपला.

हे सगळं चिमीनं उलट्या ठेवलेल्या पाटीवर बसून ऐकलं होतं. शाळेला अजून अवकाश होता. तिला आवडण्या-बिवडण्याचं काही पडलं नव्हतं. तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं.

“मासा नाही, हे कसं कळतं?” तिनं विचारलं.

“नीट बघून,” केसांतली पेन्सिल सावरत ती म्हणाली. “घाई न करता.”

चिमीनं दप्तर तिथेच टाकलं. धक्क्याच्या पायऱ्या उतरून ती अगदी शेवटच्या कोरड्या पायरीवर गेली, पालथी पडली, हनुवटी काठावर टेकवली, दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली धरली, आणि खालच्या हिरव्या पाण्यात हलणाऱ्या गवताकडे एकटक बघत राहिली.