उपाशी की उपास?

काशीबाईंच्या दंडाला मी पट्टा आवळला, शीर सापडली, सुई आत गेली... आणि नेमका तेव्हाच त्यांच्या मुलाने पिशवीतून डबा काढला.

"झालं की ही खा आये. सकाळची उरलीय."

डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. मी सुईकडे पाहिलं, मग डब्याकडे. 'उरलीय' म्हणजे बाकीची कुठे गेली, हे कळायला काही शिक्षण लागत नाही.

"फोनवर मी काय सांगितलं होतं? उपाशीपोटी या."

"तसंच आलोय की," तो म्हणाला. "आयेचा श्रावणी सोमवार हाय. कडक उपास."

कडक म्हणजे किती, ते काशीबाईंनी स्वतःच कौतुकाने सांगितलं. पहाटे उठून खिचडी, वर एक केळं, आणि एसटीत चक्कर नको म्हणून साखरेचा चहा. मी सुई काढली, कापूस दाबला आणि घेतलेलं रक्त टाकून दिलं. मी पेणच्या एका लॅबमध्ये काम करते, सोमवारी आमच्या रोह्याच्या सेंटरवर येते, आणि माझं बोलणं तिखट आहे हे दोन्ही गावांना ठाऊक आहे. त्यामुळे उपास आणि उपाशी यातला फरक मी त्या मायलेकांना चांगला फोडणी घालून समजावला. उपासाला माणूस रोजच्यापेक्षा जास्त खातो. उपाशी म्हणजे पोटात पाण्याशिवाय काही नाही.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. नाव हर्षद दिघे, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला, गाव कुंडलिका नदीच्या पलीकडे. घरी तो आणि आई, दोघंच. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे उपास देवासाठी, आन उपाशी मॅडमसाठी."

तोंडावर मास्क होता म्हणून वाचले मी. हसले ते त्याला दिसलं नाही... असं मला वाटलं.

जाताना त्याने डबा माझ्या टेबलावर ठेवला. आता घरी नेऊन तरी काय, तुम्हीच खा, म्हणाला. मी नको नको म्हटलं. ते दोघं गेल्यावर पाऊस वाढला, पेशंट कोणी येईना, आणि मी तो डबा चमच्याने खरवडून संपवला. दाण्याचं कूट जरा जास्त होतं. कोणीतरी घरी केलेलं मी किती दिवसांनी खात होते, ते आठवायला गेले नाही.

पेणला आमच्या आळीत श्रावणात रंगाचा वास असतो. शेजारच्या कारखान्यात गणपती रांगेत बसलेले असतात आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली असते, कोणाच्या घरी जायचंय त्याची. त्या रांगेवरून जाऊन मी माझ्या दाराचं कुलूप काढायचे. आईला जाऊन दुसरं वर्ष सुरू होतं. दादा नाशिकला, त्याचा फोन रविवारी. दिवसभर लॅबमध्ये मी लोकांना सांगायचे, वेळेवर जेवा, पालेभाजी घ्या, नाचणी घ्या. आणि घरी येऊन चहात खारी बुडवून खायचे, ओट्याशी, उभ्यानेच.

एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, असं मी सांगायचे. खोटं होतं ते. मला स्वयंपाक उत्तम येतो. पण हात सवयीने दोघींचे तांदूळ घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तो उरलेला भात बघवायचा नाही. ताटात वाढून घेतलं तरी 'अजून घे गं' म्हणणारं कोणी नसायचं. स्वतःच स्वतःला आग्रह कसा करणार? फार एकटी होते मी, आणि ते कोणाला कळू नये यासाठी फार धडपडत होते.

पुढच्या सोमवारी काशीबाई खरोखर उपाशी आल्या. डबा परत द्यायचा होता. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी मी स्वयंपाकघर धुंडाळलं होतं. साखरेशिवाय काही मिळालं नाही. तीच घातली.

हर्षदने झाकण उघडून पाहिलं. "मॅडम... साखरेच्या पेशंटला साखर?"

कान तापले माझे. त्याने मात्र पुढे काही न विचारता झाकण लावलं, आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. नको तितकं नीट पाहिलं.

रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरांनी गोळी बदलली, काय खायचं त्याचा तक्ता दिला. हर्षद म्हणाला, तक्ता समजतो पण आये ऐकत नाय, तेव्हा रोज ताटाचा फोटो पाठवला तर बघाल का? मी म्हटलं, पाठवा.

पहिल्याच फोटोत भाताचा ढीग होता. भात जास्त आहे, मी लिहिलं. उत्तर आलं, "भात नाय, मागचा डोंगर जवळ आलाय."

"मग डोंगर अर्धा करा," मी लिहिलं.

असं ते सुरू झालं. डोंगर खरंच अर्धा झाला. बाजूला नाचणीची भाकरी आली, लाल माठ आला, वालाचं बिरडं आलं. दुसऱ्या शिफ्टला जाण्याआधी तो स्वतः रांधायचा, कारण काशीबाईंच्या हातात पळी दिली की त्या स्वतःलाच आग्रह करतात, असं त्याचं म्हणणं. जेवणानंतर दोघं शेताच्या बांधापर्यंत चालून यायची. काशीबाई वाटेत कुठे गप्पा मारत थांबल्या, त्याचीही तक्रार माझ्याकडे यायची. हळूहळू फोटोत दुसरं ताट दिसायला लागलं, त्याचं. हेही तपासा, म्हणाला. तुम्हाला साखर नाही, मी लिहिलं.

"म्हणजे कोणी लक्ष द्यायला आधी आजारी पडायला लागतं?"

मी फोन पालथा ठेवला. पण दुपारी लॅबच्या मागच्या खोलीत खारी खाताना तो फोटो समोर ठेवायचे. त्या दोन ताटांसमोर बसलं की मीही जेवतेय असं वाटायचं. सांगायलाही लाज वाटते... पण वाटायचं.

आणि एका रविवारी त्याने विचारलं, "आज तुमचं ताट दाखवा."

माझ्यासमोर बशीत खारीचा चुरा होता. काय सुचलं कोणास ठाऊक, त्यानेच महिन्यापूर्वी पाठवलेला एक फोटो काढला, कडा कापल्या आणि पाठवून दिला. भाकरी, बिरडं, काकडी. सगळ्यांच्या घरी अशीच तर स्टीलची ताटं असतात.

छान हाय, तो म्हणाला. बिरडं तुम्हीच सोललं? मी ठोकून दिलं, हो.

मग एकच ओळ आली.

"मग ताटावर आमच्या आयेचं नाव कसं?"

मी फोटो मोठा करून पाहिला. काठावर, बारीक ठिपक्यांत, लग्नात घातलेलं नाव. सौ. काशीबाई दिघे.

फोन बंद करून मी उशीखाली सारला. नंतर त्याने फोटो पाठवले, मी उघडले नाहीत. रोह्याला माझ्याऐवजी मृणालीला पाठवायला लागले. ती माझ्याबरोबर कामाला. खोटं पकडलं गेलं याचं तितकं काही नव्हतं. आता तो माझी कीव करेल, याची भीती होती. कीव करून वाढलेला घास माझ्या गळ्याखाली उतरत नाही. आणि त्या दोन ताटांवाचून दुपार जाता जात नव्हती, तेही खरंच.

थंडी पडली. काशीबाईंच्या पुन्हा तपासणीची वेळ आली आणि मृणाली रजेवर गेली. मला जावंच लागलं. वडखळला एसटी अडकली तेव्हा, चला, बरंच झालं, असंही मनात येऊन गेलं.

काशीबाई उपाशी बसून होत्या. बारीक झाल्या होत्या, चेहरा उजळला होता. हर्षद एका बाजूला उभा होता. रक्त घेऊन झाल्यावर त्याच म्हणाल्या, "बाय, जेवणानंतरचं घ्यायला परत एवढ्या लांब यायला होत नाय माझ्यानं. तूच घरी ये. जेव, आन घे रगत."

काम होतं. नाही म्हणता आलं नाही.

त्यांच्या ओटीवर हर्षद मोड आलेले वाल सोलत बसला होता. मी समोर बसले, मूठभर वाल घेतले. बिरडं सोलताना खाली बघावं लागतं, हे फार बरं असतं. सालं गळत होती, दाणे ताटलीत पडत होते.

"काल सांजचं काय जेवलात?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"उपास होता?"

हो म्हणून टाकायचं, एवढंच तर होतं. हात थांबले माझे. "नाही," मी म्हटलं. "उपाशी होते... आई गेल्यापासून उपाशीच आहे मी."

बोलले आणि डोळे भरून आले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नुसता आपल्या पुढ्यातला वालांचा ढीग थोडा माझ्याकडे सरकवला.

"साखरेचा डबा दिलात तेव्हाच कळलं होतं मला," तो हळूच म्हणाला. "कसं विचारावं ते समजत नव्हतं."

ताटं वाढली गेली. काशीबाईंचं जुनं, हर्षदचं, आणि माझ्यापुढे एक कोरं, लखलखीत. काठावर बारीक ठिपक्यांत माझं नाव होतं. नम्रता. आणि पुढे मोकळी जागा.

"दुकानदार विचारत होता, आडनाव कुठलं घालू," हर्षद म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "मी म्हटलं, थांब, त्यांना विचारून सांगतो."

"कीव येते म्हणून?"

"कीव आली असती तर डबा भरून पाठवला असता. ताटावर नाव कोण घालतं?"

मी मान खाली घालून म्हटलं, माझं आडनाव गावंड आहे. तेच ठेवायचं म्हटलं तर?

"तर तेच घालू. ताट तुमचंच हाय." मग पळी उचलत म्हणाला, "फकस्त इथं असावं... असं वाटतं."

काशीबाईंना बहुतेक सगळं ऐकू येत होतं. त्यांनी आपल्या भातात मधोमध रेघ मारली आणि अर्धा उचलून माझ्या ताटात घातला. "डॉक्टरनं माझा कापलेला भात हा. वाया का घालवू? घे गो. अजून घे."

अजून घे. आई गेल्यापासून मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी घास घेतला, तो खाली उतरला, दुसरा घेतला. बिरड्यात कोकम थोडं कमी होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं. हर्षद पळी हातात घेऊन अजून तिथेच उभा होता, शाळेत निकाल ऐकायला उभं राहतात तसा.

मी ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. माझ्या नावानंतरची ती मोकळी जागा चांगली वीतभर होती.

"एवढी जागा कशाला सोडलीत?" मी म्हटलं. "दोनच तर अक्षरं आहेत."

आणि त्याने ती उगाच बोटांवर मोजून पाहिली, दि... घे.