आडवी भिंत

सुमेधा सिडनीबाहेर कुराजाँगच्या डोंगरातल्या त्या घरी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डिकीत दोन आठवड्यांचं वाणसामान, एक उशी आणि लॅपटॉप. २०२१चा ऑगस्ट होता, लॉकडाउनमुळे सिडनी बंद होती. बांधकामाच्या साइटवरचा एकजण कोविड पॉझिटिव्ह निघाला आणि त्याच्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांना चौदा दिवस एकटं राहायला सांगितलं गेलं. सुमेधा इंजिनीअर. स्कोफिल्ड्स उपनगरातल्या तिच्या घरात नवरा विलास आणि सहा वर्षांची, दम्याची उर्वी. तिथे राहणं शक्यच नव्हतं.

हे घर मात्र तिच्या ओळखीचं होतं, अगदी पायापासून. केतुत नावाच्या बाली बेटावरच्या सुताराने ते स्वतःसाठी बांधलं होतं, आणि त्याची इंजिनीअर सुमेधाच होती. केतुत आईच्या आजारपणासाठी बालीला गेला आणि विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकला. फोनवर म्हणाला, "किल्ली मीटरच्या पेटीत आहे. खुशाल राहा."

एका छपराखालचं घर नव्हतंच ते. मधे अंगण, भोवती सुट्या सुट्या खोल्या. निजायची वेगळी, स्वयंपाकाची वेगळी, डोंगराच्या अंगाला देव्हारा. केतुत म्हणायचा, घर म्हणजे आडवा झालेला माणूस. देव्हारा डोकं, खोल्या हात, अंगण बेंबी, चूल पाय. खांबांची मापं त्याने स्वतःच्या मुठीने आणि वितीने घेतली होती, आणि प्रत्येक मापात बोटभर लांबी वाढवली होती. ती कशाला, असं सुमेधाने विचारलं तर म्हणाला, "घराच्या जिवासाठी."

एकाच गोष्टीवरून दोघांचं वाजलं होतं. फाटकाच्या आत चार पावलांवर केतुतला एक आडवी भिंत हवी होती. येणाऱ्याने तिला वळसा घालून अंगणात यायचं. सुमेधाने नकाशात त्या भिंतीवर लाल फुली मारली. वणवा आला तर बाहेर पळायला सरळ वाट हवी, हे तिचं म्हणणं.

"आमच्याकडे वाईट गोष्टी सरळच चालतात, सुमेधा. त्यांना वळता येत नाही."

"आगीला येतं," ती म्हणाली होती. शेवटी केतुतनेच माघार घेतली.

आता फाटकापासून तिच्या खोलीच्या दारापर्यंत वाट दोरी लावल्यासारखी सरळ होती.

पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला ती पायरीवर चहा घेत बसली होती. झाडीतले पक्षी एकाएकी गप्प झाले. ओल्या राखेसारखा वास आला, आणि फाटकाजवळच्या खडीवर कुणीतरी अनवाणी चालल्याचा आवाज झाला. तीन पावलं. मग काही नाही. वॉलबी असेल, एखादा छोटा कांगारू, असं म्हणून तिने कप धुतला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सात पावलं झाली. तिसऱ्या दिवशी ती पावलं अंगणाच्या मध्यापर्यंत आली. अंगणात संधिप्रकाश होता, खडी लख्ख दिसत होती आणि तिच्यावर कुणीही नव्हतं. फक्त एकेका पावलाखाली खडे दबत होते.

विलासला तिने काही सांगितलं नाही. तो उर्वीला घेऊन रात्रीतच निघाला असता. व्हिडिओवर उर्वी विचारायची, "ममा, कमिंग टुमारो?" आणि ती हसून दिवस मोजून दाखवायची.

पाचव्या संध्याकाळी ती दार लावून पलंगावर बसली. पावलं पायरीशी आली. दार हललंसुद्धा नाही, पण पुढचं पाऊल आतल्या फरशीवर पडलं. मग आणखी एक. पलंगाजवळून पावलं मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. रात्रभर सुमेधा गाडीत बसून राहिली. विषाणू घेऊन घरी जायचं नाही, एवढं एकच तिला कळत होतं.

सकाळी तिने केतुतला फोन लावला. सगळं ऐकून त्याने विचारलं,

"भिंत नाही ना तिथे..."

"नाही."

"मग आज सूर्य मावळायच्या आत काहीतरी आडवं उभं कर."

शेडमध्ये प्लायवूडच्या उरलेल्या शीट होत्या. दोन शीट ओढत आणून तिने भिंतीच्या जागेवर सुतारकामाच्या लाकडी घोड्यांना तारेने बांधल्या. हात सोलवटले. संध्याकाळ झाली. फाटकाकडून आवाज आला नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती खोलीत येऊन आडवी झाली.

तेव्हा उशामागच्या भिंतीपाशी पाऊल वाजलं.

ते पलंगाजवळून गेलं, पायरी उतरलं, अंगण ओलांडून थेट प्लायवूडवर आदळलं. मग परत आलं. पुन्हा गेलं. प्रत्येक फेरीला आदळणं जोरात होत होतं, आणि परतीची पावलं घाईची.

तिने फोन कानाला लावला. "केतुत... ते आत आहे."

"आत असताना भिंत लावलीस?" त्याचा आवाज बसला. "काढ. लगेच काढ. पण त्याच्या वाटेत उभी राहू नकोस."

सुमेधा अनवाणीच धावली. पहिली शीट निघाली. दुसरीची तार अडकली होती. पक्कड नव्हती, ती बोटांनीच पीळ सोडवत राहिली. मागे पायरीवर पाऊल वाजलं. खडीवर वाजलं. पळावं की तार सोडवावी, हे ठरायच्या आत शीट खाली पडली आणि ती वाटेच्या मधोमध उभी होती.

तिला धक्का बसला नाही. फक्त छातीतून पाठीपर्यंत कुणीतरी गार हात घालून काहीतरी उचलून न्यावं, तसं झालं. ती खाली बसली. पावलं फाटकातून बाहेर जाताना तिने ऐकली. आत आली तेव्हा ती एकाची होती. बाहेर गेली ती दोघांची.

त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी फाटकाबाहेर पोलिसांची गाडी थांबली. मास्क लावलेला तरुण कॉन्स्टेबल लांबच उभा राहून बोलला.

"आयसोलेशनचे नियम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"मी फाटकाबाहेर पडलेले नाही."

"काल संध्याकाळी पलीकडच्या घोड्यांच्या फार्मवरून फोन आला. हिरव्या स्वेटरमधली अनवाणी बाई रस्त्यावरून चालली होती. बरोबर एक उंच माणूस होता, त्याने तिचं मनगट धरलं होतं. रस्ता वळतो तिथे दोघं वळले नाहीत. सरळ झाडीत शिरले."

सुमेधाने अंगातल्या हिरव्या स्वेटरची बाही ओढून धरली.

"फार्मवरच्या बाईंनी हाक मारून विचारलं, मदत हवी का. ती बाई काहीतरी बोलली, पण इंग्लिश नव्हतं. त्यांनी कानावर पडलं तसं लिहून घेतलंय." त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि एकेक अक्षर अडखळत वाचलं.

"म-ला... घ-री... जा-य-चं."

त्याने चिठ्ठीवरून मान वर केली. "ही तुमची भाषा आहे का?"