गूचबाईंच्या शेतातली बटणं

“लिंबू?” काउंटरमागचा तरुण म्हणाला. “तुम्ही याला लिंबू लावलंत?”

“थोडंसंच,” हेस्टर म्हणाली. “आणि मग... टूथपेस्ट.”

त्याने डोळे मिटले. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती, हेस्टरच्या बुटांचा चिखल म्युझियमच्या पुसलेल्या फरशीवर उतरत होता, आणि हा माणूस आता रडतो की काय असं तिला वाटलं. एका बटणासाठी!

“यावर सोन्याचा मुलामा होता,” तो म्हणाला. “फौजेतल्या अधिकाऱ्याच्या कोटाचं बटण आहे हे. दोनशे वर्षं नांगराखाली टिकलं आणि तुमच्या बेसिनमध्ये दहा मिनिटांत गेलं.”

“पंधरा,” हेस्टर म्हणाली. उगाच खोटं कशाला बोला?

तो एकदम हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावर घसरला, आणि तो वर सारायला त्याने बोट नाही, मनगट वापरलं. बोटांत बटण धरलेलं ना! बस्स, तेवढ्यानेच हेस्टर निघायचं विसरली. पोरगी सव्वीस वर्षांची, सहा महिन्यांच्या वर एक नोकरी टिकवलेली नाही, एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. पण जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर हातात घेऊन कापणी झालेल्या शेतात चालायला लागली की तासन्‌तास चालायची.

त्याचं नाव इवान प्रॉसर. वेल्सकडचा, इंग्लंडच्या पूर्वेच्या या सफोक किनाऱ्यावर नवीन. लोकांना शेतात सापडेल ते ओळखायचं, नोंदवायचं, ही त्याची नोकरी, आणि तीही वर्षभराचीच.

“आधी पाठ बघायची,” त्याने बटण उलटं केलं. “चेहऱ्याला सगळेच भुलतात.”

“तुम्ही नाही भुलत?”

“बटणाच्या नाही,” तो म्हणाला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

पाठीवरचं कडं, कारखान्याचं पुसट नाव... भिंग एकच होतं, त्यामुळे डोक्याला डोकं लावून बघावं लागलं. मग त्याने बटण सुलटं केलं आणि भिंग आणखी जवळ नेलं. तीन पिसं, वेल्सची खूण! “ही आमच्याकडची पलटण आहे! नेपोलियन उतरणार म्हणून या किनाऱ्यावर आणून बसवली होती. दोन उन्हाळे तंबूत राहिली आमची माणसं. पण तंबू नेमके कुठे होते, कोणालाच ठाऊक नाही.” त्याने वही ओढली. “कुठे सापडलं हे?”

आता, ज्याने कधी डिटेक्टर धरला नाही त्याला वाटेल, सांगून टाकायचं की! पण डिटेक्टरवाल्यांच्यात तसं नसतं. शेतमालकाकडून परवानगी मिळवायला वर्षं जातात, आणि जागा एकदा फुटली की दुसऱ्याच दिवशी शेतात परक्यांचे खड्डे दिसतात. गावातल्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातला सगळ्यात जुना गडी नेव्हिल. पहिल्याच दिवशी त्याने हेस्टरला बजावलं होतं, “पोरी, घराची किल्ली दे कोणाला, पण जागा देऊ नकोस.”

“चर्चमागच्या पट्टीत,” हेस्टर म्हणाली.

त्या पट्टीत क्लबवाल्यांनी दहा वर्षांत बाटलीचं झाकणसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं. खरं बटण सापडलं होतं ओढ्यापलीकडे, गूचबाईंच्या शेतात. म्हाताऱ्या गूचबाईंनी आयुष्यात एकालाच परवानगी दिली होती, हेस्टरला. तीही तिने बाईंची हरवलेली बकरी शोधून आणली म्हणून.

इवानने वहीत नीट, गोल अक्षरात लिहून घेतलं. चर्चमागची पट्टी.

पुढच्या मंगळवारी ती दुसरं बटण घेऊन गेली. या खेपेला न पुसता, मातीसकट, डबीत ठेवून.

“शाबास!” इवान म्हणाला. “चोळलं नाहीत?”

“हात शिवशिवत होते. खिशात घालून बसले.”

मग त्याने तिला शिकवलं. शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायचं, घाई करायची नाही. माती आपणहून सुटते. उरलेली बांबूच्या काडीने, भिंगाखाली, कणाकणाने काढायची. सावकाश वाळू द्यायचं, वर खास मेणाचा पातळ हात फिरवायचा, आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत बंद.

“किती वेळ लागतो?”

“घाई आहे?”

“मला नेहमीच घाई असते.”

“मग तुम्ही दर मंगळवारी यायला हवं,” तो काडीकडे बघत म्हणाला. “म्हणजे... उपचार म्हणून.”

दर मंगळवारी! सहा आठवड्यांत नऊ बटणं झाली. तो थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायचा, घरून आलेला बेदाण्यांचा केक कापायचा आणि मोठा तुकडा तिच्याकडे सरकवायचा. हेस्टर काउंटरवर कोपरं टेकून तासभर बसायची. हो, बसायची! तिच्या आईला कोणी सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. आणि प्रत्येक बटणाला तो विचारायचा, “पट्टीतच ना?” आणि ती म्हणायची, “पट्टीतच.” पहिलं खोटं सोपं असतं हो, नववं गिळवत नाही.

सातव्या मंगळवारी तो काउंटर ओलांडून बाहेरच आला. हातात नकाशा.

“हेस्टर, छावणी सापडली! शनिवारी गावच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान आहे. म्युझियमची समिती येणार आहे. पट्टीचा मालक तयार आहे, सोमवारी विद्यापीठाची माणसं खोदायला येताहेत. हे नीट झालं तर मला इथे कायम ठेवतील.” तो थांबला. “आणि मला... इथे राहायचंय. आता फार राहायचंय.”

तो ज्या नजरेने बघत होता त्यात नकाशाचा काही संबंध नव्हता, हे हेस्टरला कळत होतं. आत्ता सांग, आत्ता! पण त्याचा चेहरा इतका फुललेला... “छान,” ती म्हणाली आणि पावसात छत्री न घेताच निघून गेली.

बुधवारी तिने तीन वेळा फोन उचलून ठेवला. गुरुवारी लावला, त्याचा आवाज ऐकला, आणि कोणतं मेण चांगलं एवढंच विचारून बंद केला. शुक्रवारी धीर करून म्युझियमवर गेली, तर दाराला कुलूप. इवान खुंट्या आणि दोरी घेऊन पट्टीवर गेला होता. जेवण जाईना, झोप लागेना, खोलीत इतक्या येरझारा घातल्या की खालून आईने झाडूच्या दांड्याने छत ठोठावलं.

शनिवारी दुपारी तीनला हॉल भरला. पुढे समिती, मागच्या दोन रांगांत अख्खा क्लब, खिडकीपाशी गूचबाई विणकाम घेऊन. आणि इवान पडद्यासमोर उभा, ठेवणीतल्या कोटात. हेस्टर मागे, दाराशी. व्याख्यान संपलं की त्याला बाजूला घ्यायचं असं तिने घोकून ठेवलं होतं.

“छावणी इथे होती,” इवान म्हणाला आणि काठीने चर्चमागची पट्टी दाखवली.

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्स करून हसलं. मग दुसरा खोकला. क्लबातल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं की त्या पट्टीत काही नाही आणि पोरीने साहेबाला बनवलंय. नेव्हिलने मागे वळून हेस्टरला डोळासुद्धा मारला. इवानने गोंधळून चष्मा वर केला, ओळ चुकला, पुन्हा सुरुवात केली. हसू वाढलं.

ते मात्र तिला बघवेना. माझ्या माणसाला हसताहेत! ‘माझ्या’ हा शब्द कुठून आला, ते तपासायला वेळ नव्हता.

“तिथे नाही!” ती ओरडली.

सगळी डोकी वळली.

“मी खोटं सांगितलं. त्यांची काही चूक नाही. बटणं गूचबाईंच्या शेतातली आहेत. ओढ्यापलीकडे, तीन ओकची झाडं आहेत ना, त्यांच्यापासून कुंपणाच्या कडेने चाळीस पावलं. नऊच्या नऊ तिथलीच.”

भर सभेत, चाळीस माणसांसमोर, ज्यांच्या गाड्यांत या क्षणीही डिटेक्टर ठेवलेले आहेत, त्यांच्यासमोर पोरीने जागा सांगितली! पावलांसकट!

“माझ्या शेतात न विचारता पाय ठेवून तर बघा,” गूचबाई सुयांवरून नजर न काढता म्हणाल्या. “कुत्रा बांधलेला नाही.”

इवानचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने काठी खाली ठेवली. “म्हणजे माझा नकाशा चुकलाय,” तो समितीला म्हणाला. “सोमवारचं खोदकाम थांबवायला हवं. बटणं खरी आहेत, पलटण खरी आहे. जागा मी स्वतः जाऊन तपासायला हवी होती. ती चूक माझी.” आणि तो बाजूच्या दाराने बाहेर पडला.

हेस्टर धावत मागे गेली. तो भिंतीपाशी उभा होता, भुरभुरीत, चष्म्यावर थेंब.

“सहा आठवडे,” तो म्हणाला. “दर वेळी डोळ्यांत बघून. मी चहा ओतत होतो आणि तुम्ही...”

“हो.”

“का?”

“पहिल्यांदा सवयीने. नंतर भीतीने. खरं कळलं की तुम्ही मंगळवारी काउंटरवर दुसऱ्या कोणाला उभं कराल म्हणून.” तिचा आवाज फुटला. “मला कुठेच थांबवत नाही, इवान. फक्त तुमच्यासमोर थांबवतं. मी प्रेम करते तुमच्यावर. आता हवं तेवढं ओरडा.”

तो ओरडला नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडून नेव्हिल आला, टोपी हातात, चेहरा सुतकी. “अगं ए पोरी, वेडबिड लागलंय का तुला? चाळीस वर्षं झाली माझ्या लग्नाला! चाळीस! माझ्या बायकोला अजून माझी जागा ठाऊक नाही!” त्याने इवानकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग हळूच म्हणाला, “अरे देवा. असं आहे होय.” आणि दार ओढून घेऊन आत गेला.

इवान तिच्याकडे वळला.

“ते परत मिळणार नाही ना तुम्हाला?” त्याने विचारलं. “ते शेत. तुमचं एकटीचं.”

“नाही.”

“कळत होतं तुम्हाला, बोलताना?”

“पावलं मोजून सांगितली, म्हणजे कळत असणारच.”

त्याने चष्मा काढला. पुसायला कोरडं काही सापडेना, तेव्हा तसाच खिशात टाकला. “मला भयंकर राग आलाय,” तो म्हणाला. “अजून पंधरा दिवस तरी राहील. समिती मला ठेवील की नाही, देव जाणे.” तो एक पाऊल जवळ आला. “आणि तरी, हेस्टर, मंगळवारपर्यंत दम निघणार नाही मला. तुला निघेल?”

“आत्ताच निघत नाहीये,” ती म्हणाली.

मग तो हसला, रागातच, आणि तिला जवळ ओढून भर रस्त्यात तिचं चुंबन घेतलं. हॉलच्या खिडकीतून अख्खा क्लब बघत होता. बघू दे, हेस्टरला वाटलं. आता लपवायला उरलंय काय?