पुढच्या सीटवरचं वजन

काम तसं किरकोळ होतं. तिला ही जुनी गाडी घेऊन थोडेच दिवस झाले होते आणि स्टिअरिंगच्या मागे एअरबॅगचा पिवळा दिवा लागला होता, तो विझायचं नाव घेईना. दुसरं कुणी असतं तर बघू सवडीने म्हणत गाडी दामटत राहिलं असतं. पण ती फिजिओथेरपिस्ट. अपघातात पिचलेली माणसं रोज तिच्या हाताखालून जायची. शिवाय उद्या सकाळी वडिलांना, अप्पांना, डायलिसिसला न्यायचं होतं, आणि मागे बसलं की त्यांना मळमळायचं. त्यांची जागा पुढेच. दिवा आजच्या आज घालवायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

गॅरेजवाल्याने ड्रायव्हरशेजारच्या सीटखालची वायर साफ केली. दिवा तसाच. सीटमधला सेन्सर बदलला. तरी तसाच. शेवटी त्याने मशीन जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"ताई, बिघाड काहीच नाहीये."

"मग दिवा कशाला लागतोय?"

"सीटवर लहान मूल बसलंय असं गाडी समजतेय. एअरबॅगच्या फुग्याचा दणका मुलाला बसू नये म्हणून तो बंद ठेवलाय." रिकाम्या सीटकडे बघायचं तो टाळत होता. "माझं ऐकाल तर... विकून टाका."

"आणि उद्या वडिलांना पाठुंगळी घेऊन जाऊ?"

तिने किल्ली घेतली.

बाहेर दिवस कलला होता. धुकं इतकं दाट की पुढचा रस्ता हातभर उजेडापुरताच उरला होता. काचा बंद असूनही गाडीत चिखलाचा वास यायला लागला, तळ्याच्या तळाशी असतो तसला, कुजका आणि गार. ती दिव्यावर नजर ठेवून हळूहळू चालली होती. तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ब्रेक जोरात दाबला की दिवा क्षणभर विझायचा. मग शेजारच्या सीटचं रेक्झिन करकरायचं आणि दिवा पुन्हा लागायचा. जणू कुणी सीटवरून घसरत होतं... आणि पुन्हा वर सरकून बसत होतं.

तिच्या मानेवर काटा आला. दार उघडून पळत सुटावं असं वाटलं. पण पळून जाणार कुठे? सकाळी गाडी तर हीच लागणार होती. तिने गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले. व्यायामाला नाही म्हणणाऱ्या हट्टी पेशंटशी बोलायची, तोच आवाज तिने लावला.

"हे बघ... तू कोण, कुठलं, मी विचारणार नाही. पण ही जागा माझ्या वडिलांची आहे. यायचंच असेल तर मागे बसायचं. पट्टा लावून."

इंजिनाची घरघर तेवढी चालू होती. मग तिच्या कोपराला घासून काहीतरी गार, ओलसर गेलं. मागची सीट करकरली. पट्टा हळूहळू ओढला जाण्याचा आवाज आला... थांबला...

खट्.

दिवा विझला.

आरशात न बघता ती घरी आली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, पण सकाळी वेळेवर तिने अप्पांना पुढे बसवलं, त्यांचा पट्टा लावला आणि किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. हॉस्पिटलपर्यंत एकदाही नाही. जिंकल्यासारखं वाटलं तिला.

फाटकाशी उतरताना अप्पांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. त्यांचे डोळे अजून पेंगुळलेलेच होते.

"कंबर दुखली गं," ते म्हणाले. "वाटभर मागून लाथा बसत होत्या. लहानपणी तूही अशीच मारायचीस."

त्यांना नर्सच्या हवाली करून ती गाडीकडे परत आली. डिकीतून फडकं काढलं, ओलं केलं, एक मोठा श्वास घेतला आणि मागचं दार उघडलं.

अप्पांच्या सीटच्या पाठीवर चिखलाने उमटलेली दोन अनवाणी पावलं होती, अजून ओली. चिमुकली. ओठ घट्ट मिटून तिने फडकं टेकवलं, आणि हात जागच्या जागी थांबला.

एक पाऊल दुसऱ्याहून बोटभर लहान होतं. आणि दोन्ही डावीच होती.