दिवस मावळायच्या आत

मी ज्योतिबा. सर्व्हर दुरुस्त करतो. कुपवाडात माझ्या निम्म्या गोष्टींना लोक थापा म्हणतात, आणि निम्म्या असतातही. ही कुठल्या निम्म्यातली, ते तुम्हीच ठरवा.

रामगोंडा अण्णांचं हळदीचं गोदाम तिथल्याच एमआयडीसीत. दारात ट्रकचा वजनकाटा. गाडी चढली की भोंग्यातून बाईचा आवाज येतो, "गाडी थांबवा, इंजिन बंद करा," आणि मग वजन. आवाज गुणमालाकाकूंचा, अण्णांच्या बायकोचा. शहरातल्या बाईचं बोलणं ड्रायव्हरांच्या डोक्यावरून जाईल म्हणून काकूंनी स्वतःच रेकॉर्ड करून दिलेला. पुढं काकू गेल्या, आवाज राहिला.

यंदा हंगामात काटा आणि भोंगा चालवणारा सर्व्हर अडायला लागला. गाडी काट्यावर, पडदा गोठलेला, मागं हॉर्नचा कल्ला. अण्णांच्या मुलानं, जिनेंद्रनं, मला बोलावलं. मेमरी कमी पडत होती. मेमरीच्या जुन्या पट्ट्या काढून मोठ्या बसवायच्या, एवढंच काम.

मी स्क्रू काढायला बसलो तर अण्णा दारात.

"ज्योतिबा, बंद न करता हुईल का रं?"

"चालत्या गाडीचं चाक बदलता येतंय व्हय, अण्णा?"

"तसं न्हवं. ती सांजच्याला जेवायला बोलावती."

मी हसणार होतो. जिनेंद्र हसला नाही. म्हणाला, "मी पण ऐकलंय. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, तर नुसता पंख्याचा आवाज आला."

अण्णांचं घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, मावळला की पाणीसुद्धा नाही. काकू होत्या तेव्हा गोदामाच्या मागच्या घरातून रोज हाक मारायच्या. आता ती हाक काट्याच्या भोंग्यातून येत होती म्हणे.

मी सगळी डिस्क धुंडाळली. आकडे होते, 'गाडी थांबवा' होतं. जेवायचं कुठंच नव्हतं. मग अण्णांना समजावलं, की पट्टीत वीज असेतोवरच काय ते राहतं. वीज गेली की कोरी पाटी. त्यात कुणी राहत नाही.

"मग काढ," अण्णा म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

नव्या पट्ट्या खटकन बसल्या. सर्व्हर वाऱ्यासारखा पळायला लागला. जुना माल कारागिराचा, ही आमच्याकडची रीत. पट्ट्या पेपरात गुंडाळून मी सांगलीला, माझ्या खोलीवर आणल्या आणि गॅसशेजारच्या फळीवर टाकल्या.

काही दिवसांनी जिनेंद्रचा फोन आला. "काका, अण्णा संध्याकाळी पाटावरच बसंनात. हाक आल्याबिगार उठायचं न्हाई म्हणत्यात. दिवस मावळतो आणि मग पाणी बी न्हाई. लय वाळल्यात वो. त्या जुन्या पट्ट्या हायत का?"

"हायत की," मी म्हणालो. बोलता बोलता भात खाली लागला. वरवरचा खाल्ला, करपलेला कुत्र्याला घातला, पातेलं घासून पालथं घातलं. बिनलग्नाच्या माणसाच्या भाताची चौकशी कोण करतंय!

दुसऱ्या दिवशी दुपारी कुपवाडला गेलो. नव्या पट्ट्या काढल्या, जुन्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, एकेक जागेवर बसवली. अण्णा खुर्चीत बसून होते. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. मी मनात म्हणालो, काही येणार नाही, आणि हा माणूस आज आपल्यासमोर खचणार.

शेवटची गाडी गेली. उन्हाची तिरीप काट्याच्या लोखंडावरून सरकत भिंतीवर चढली. जिनेंद्रची बायको कीर्ती ताट झाकून दारात उभी होती.

भोंगा खरखरला.

"आवं, दिवस मावळाय लागला. जेवायला चला."

अण्णा उठले. गुडघ्यावर हात न टेकता उठले. कीर्तीनं पदर तोंडाला लावला.

खरखर थांबली नाही.

"ज्योतिबांना बी आणा. एकटंच जेवत्यात. कालचा भात बी लागला त्यांचा."

मग खरखर थांबली.

जिनेंद्रनं माझ्याकडं पाहिलं. "काका, भात लागला हुता?"

"मी खानावळीत जेवतो गड्या," मी म्हणालो. आयुष्यात थाप मारताना पहिल्यांदाच जीभ अडखळली.

त्या संध्याकाळी अण्णांच्या शेजारी जेवलो. अण्णा दोनदा भात घेऊन जेवले. पट्ट्या तिथंच ठेवून आलो. हंगामात सर्व्हर अडतो, ट्रकवाले शिव्या देतात; देऊ देत.

आता खोलीवर मी भाताची आच आधीच कमी करतो. तरी परवा फोनवर कुणाला तरी अशीच एक लांबलचक गोष्ट सांगत खिडकीशी उभा होतो, आणि मागून, गॅसशेजारच्या त्या फळीकडून, हळूच कुणी म्हणालं,

"उतरवा आता."

मी उतरवला. झाकण काढलं.

भात अगदी बेताचा शिजला होता. बाहेर अजून ऊन होतं.