विमलबाईंचं चार बोटं कातडं

सासूच्या, विमलबाईंच्या, दहाव्याला विनिता सकाळीच पोशीरच्या नदीवर गेली. काम नेहमीचंच. पिंड ठेवायचा, कावळा शिवला की घरी परतायचं. पण कावळा शिवेल तर शपथ! समोरच्या उंबरावर ही गर्दी, आणि एकही खाली उतरेना. चुलतसासरे कोंडाजी हात जोडून म्हणाले, "वयनी, कमलेशला आमी बघू. जा आता." कावळे नुसते मान वाकडी करून बघत राहिले. ऊन चढलं तसा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी उठली.

वाटेत कोंडाजींनी तिला गाठलं. "पोरी, खरं सांग. त्या तुज्या कंपनीत वयनीचं काय ठेवलंय?"

आता काय सांगणार? विनिता कुंभिवलीला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. चैत्रात भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजताना तिच्या नवऱ्याचा, कमलेशचा, उजवा हात भाजला. जखम भरेना, बोटं आखडत चालली. गडी टेंपो चालवणारा, हात गेला तर जन्माचा बसला! प्रयोगशाळेच्या सुरभी मॅडमनी विमलबाईंच्या मांडीचं चिमूटभर कातडं मागितलं, तर म्हातारी हसली. "चिमूट कशाला? लेकाला पुरंल एवढं घ्या." आणि महिन्याभरात झोपेतच गेली.

पण ती चिमूट काही गेली नव्हती. तिच्यातल्या पेशी वाढवून खरवसासारख्या थलथलीत जेलमध्ये कालवल्या होत्या. मशीन बारीक सुईतून त्याचा धागा सोडी, कुरडई घालावी तसा, थरावर थर. जेल पेशींना धरून ठेवी, ओलावा देई, खाऊपिऊ घाली. चार बोटं रुंदीचं जिवंत कातडं! माणसाच्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

"म्हंजे ती गेलीच नाय अजून," कोंडाजी पुटपुटले. "दर्भाचा कावळा फुकट गेला गं. नदीत सोड ते. सोडव तिला."

"आणि ह्यांचा हात?"

कोंडाजी खांद्यावरचं उपरणं सावरत पुढं चालू लागले.

दुपारी ती प्रयोगशाळेत गेली. तिथली हवासुद्धा गाळलेली. बिनखिडकीच्या त्या खोलीत मशीनच्या घरघरीशिवाय काही नाही. तिनं कातडं ठेवलेल्या ऊबपेटीचं दार उघडलं, आणि तोंडाला मास्क असतानाही वास आला. शेणीचा धूर आणि खोबरेल. आईंच्या पदराचा वास.

"आई..." ती कुजबुजली. "सोडू का तुम्हाला?"

बशीतलं कातडं हललं. काठापासून सुटून हळूहळू मागं सरकलं... तिच्या हातापासून लांब, पार कोपऱ्यात.

"पेशी जेलला ओढतात, मग ते आकसतं, त्यात विशेष काही नाही," मागून सुरभी मॅडम म्हणाल्या. मग वाकून बघत राहिल्या. "पण इतक्या लवकर...?"

विनिताला रडू फुटलं. "लावू या, मॅडम. त्यांना जायचंच नाय."

आणि काय सांगू, हात वाचला हो! बोटं उलगडली, कमलेश पुन्हा टेंपोवर बसला. मॅडम म्हणाल्या होत्या, परकं कातडं आहे, काम झालं की गळून पडेल, खालून त्याचं स्वतःचं येईल. ते गळलं नाही. चार बोटांचं वीतभर झालं, मग कोपरापर्यंत गेलं. चांगल्या कातडीवरही चढलं. आता खांद्याला टेकलंय. मॅडमची मती गुंग झाली. कमलेशला त्याचं काहीच नाही. "आईनं कुशीत घेतलंय गं," म्हणतो आणि सुखानं झोपतो. विनिता रोज त्या हाताला तेल चोळते. मनातून कितीदा तरी म्हणते, धन्य ती माउली.

काल दुपारी भांडी घासताना तिला स्वतःच्या तळव्यावर एक डाग दिसला. सावळा, मऊ, सुरकुतलेला. राखेनं घासला, साबणानं घासला, जाईना. तिनं नखानं जोरात चिमटा काढला. तिला काहीच लागलं नाही.

आतल्या खोलीत कुणीतरी हळूच कण्हलं, "आं... हळू गं, सूनबाई."

कमलेश तर टेंपो घेऊन खोपोलीला गेला होता.