एकविसावे वर्तुळ

ताईची दृष्टी जाऊन तीन वर्षे झाली होती. तिच्या नोकरीवर गदा आली ती मात्र दृष्टीमुळे नव्हे, एका परिपत्रकामुळे. ध्वनिसंग्रहातल्या जुन्या फिती ऐकून त्यांची वर्णने तयार करणे हे तिचे काम. त्याला कान लागतात, वाचन लागते, आणि दोन्ही तिच्यापाशी वरिष्ठांना अवघडल्यासारखे व्हावे इतके होते. पण परिपत्रक म्हणत होते, की दृष्टिहीन कर्मचाऱ्याने घरून कार्यालयापर्यंत कोणाच्याही मदतीवाचून चालत येऊन दाखवावे. अन्यथा त्याच्या हितासाठी त्याला कार्यमुक्त करण्यात येईल. माणसाला त्याच्याच हितासाठी बुडवण्याची कला ज्यांना साधली आहे, त्यांची भाषा नेहमीच मऊ असते.

चाचणीला बारा दिवस उरले होते. ताईचा भाऊ, ज्याला घरात आणि त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसातही सगळे धाकटाच म्हणत, तिच्यासाठी मोबाइलचे ॲप तयार करत होता. कल्पना सोपी होती. नकाशावर प्रत्येक धोक्याभोवती एक अदृश्य वर्तुळ आखायचे. ताई त्याच्या कडेशी पोचली की खिशातला फोन थरथरणार. अडचण एवढीच, की आपण कुठे आहोत हे फोनने उपग्रहांना सतत विचारत राहायचे म्हटले, तर दुपारी बाराच्या आत बॅटरी मान टाकत असे. आणि संध्याकाळी निम्म्याहून अधिक बॅटरी शिल्लक नसेल तर चाचणी बाद, हेही परिपत्रकात होते. आंधळ्यांना अडवायचे म्हटले की कार्यालयांची नजर फार बारीक होते.

म्हणून धाकट्याने फोनला झोपायला शिकवले. ताई बसलेली असली की शोध पूर्ण बंद. ती चालू लागली की पावले मोजणारा सेन्सर जागा होई, मोबाइलच्या मनोऱ्यांवरून जागेचा ढोबळ अंदाज घेई, आणि धोका अगदी जवळ आला तरच उपग्रहांना हाक जाई. फोन एका वेळी वीसच वर्तुळांवर पहारा देतो. एकविसावे मागितले तर सरळ नकार. धाकट्याने तो सगळा रस्ता सहा वेळा पायी तुडवला आणि वीस धोके निवडले: छापखान्यासमोरचे उघडे गटार, कठडा तुटलेला कालव्याचा पूल, गोदामाचे ट्रक मागे घेण्याचे फाटक.

"दिवसाला चार टक्के!" तो म्हणाला. "फक्त चार टक्के बॅटरी खातं."

"माझ्या ताटातले घासही असेच मोजतोस का रे?" ताई म्हणाली, पण तिने त्याचा खांदा चाचपून थोपटला.

तिसऱ्या दिवशी सरावाला ती पुढे आणि तो दहा पावले मागे असे चालले होते. बंद पडलेल्या कारखान्याच्या लांब पिवळ्या भिंतीशी ताई एकदम थांबली.

"धाकट्या, इथे काय आहे?"

"काही नाही. फुटपाथच्या फरश्या. भिंत."

"मग हा का थरथरला?"

ऑफिसात त्याने यादी उघडली. वर्तुळे एकवीस होती. शेवटच्याला नाव नव्हते, आणि त्याचा घेर जेमतेम दोन पावलांचा होता. इतके लहान वर्तुळ फोनला अचूक ओळखताच येत नाही, म्हणून त्याने तसे कधी आखलेच नसते. त्याने ते पुसले. दुसऱ्या दिवशी ते परत आले होते, आणि त्या दिवशी बॅटरी चारऐवजी एकच टक्का उतरली होती.

त्याने पुन्हा पुसले: चार टक्के. राहू दिले: एक टक्का. पाच दिवस त्याने हाच खेळ केला.

शेजारच्या टेबलावरचा टेस्टर, ज्याची रोजीरोटीच दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर चालत असे, तोसुद्धा हसला. "बाबा रे, बॅटरी वाचवणारा बग कोणी काढतं का? पाया पड त्याच्या."

धाकट्याने बग काढला नाही. त्याच्या धंद्यातली माणसे ज्या एका मोहाला बळी पडतात, त्यालाच तोही पडला: आकडा चांगला दिसला, की तो कुठून आला हे विचारायचे नाही. फक्त एका दुपारी तो एकटाच त्या भिंतीपाशी जाऊन आला. लख्ख ऊन होते. फरश्या कोरड्या, सारख्या, स्वच्छ होत्या. त्या दोन पावलांत मात्र भिंतीची सावली पडत नव्हती. तो तर्काने चालणारा माणूस होता. तरीही तो रस्त्यावर उतरून पुढे गेला.

चाचणीच्या सकाळी परीक्षक घरी आले. जड अंगाचे गृहस्थ; जिना चढताना त्यांचा श्वास मजलाभर आधी वर पोचला. ताईकडे न पाहता त्यांनी धाकट्याला विचारले, "यांना ऐकू येतं ना नीट?"

"डोळे गेलेत, साहेब," ताई म्हणाली. "आणि मी इथेच आहे."

ती चालली. गटारापाशी थांबली, पूल बाजू धरून ओलांडला, फाटकापाशी मागे येणारा ट्रक जाऊ दिला. परीक्षकांच्या वहीत खोड काढायला जागा उरेना, तसतसे त्यांचे तोंड आंबट होत गेले. मग पिवळी भिंत आली. फोन थरथरला, आणि ताईने वळसा घेतला.

"थांबा!" परीक्षक खूश होऊन ओरडले. "इथे काय आहे? उगाच भ्यालात! याचे गुण कापणार."

"फोन म्हणतो, जाऊ नये," ताई म्हणाली.

"फोन म्हणतो!" ते धाकट्याकडे वळले. "या बाईंना दाखवतोच." आणि ते तरातरा त्या फरश्यांवर जाऊन उभे राहिले. "हे बघा. उभा आहे मी. इथे काहीही—"

ते थांबले.

रस्त्यावरचे आवाज चालूच होते. फक्त त्या दोन पावलांतून काही येत नव्हते.

मग परीक्षक पलीकडच्या बाजूने बाहेर आले.

"बरोबर आहे," ते शांतपणे म्हणाले. "इथे वळसा घ्यायलाच हवा. पूर्ण गुण."

पेन हातात घेतल्यावर त्याचे कोणते टोक लिहिते, हे त्यांनी क्षणभर निरखून पाहिले. मग सुंदर अक्षरात सही केली. संध्याकाळी बॅटरीचा आकडा बघायला ते पुन्हा घरी आले, जिना चढून वर. नव्याण्णव टक्के. "अभिनंदन," ते थेट ताईला म्हणाले, आणि गेले.

धाकट्याने टाळ्या पिटल्या. ताई दाराशीच उभी होती.

"जिना चढताना त्यांचा श्वास ऐकलास?"

"नाही."

"मीही नाही."

सोमवारी ती एकटी निघाली. तीन वर्षांनी प्रथमच तिच्या मागे कोणाचे पाऊल नव्हते. धाकटा ऑफिसात पडद्यासमोर बसला होता. गटार: थांबली, गेली. पूल: गेली. फाटक: गेली. भिंत: वळसा. साडेनऊला चार मिनिटे कमी असताना शेवटची नोंद उमटली: पोचली. टेस्टर खुर्चीवर चढून ओरडला, साऱ्या मजल्याने टेबले बडवली, आणि धाकट्याने तोंड फिरवून डोळे पुसले. परिपत्रक हरले होते.

संध्याकाळी ताई ताठ मानेने घरी आली. काठी कोपऱ्यात ठेवत तिने सहज सांगितले, "भिंतीपाशी परीक्षक होते."

"तपासायला आले होते?"

"नाही. तिथेच आहेत ते. आवाज ओळखण्याचाच पगार घेते मी. धापा टाकत होते अगदी. 'बाई, हात द्या जरा, बाहेर काढा,' असं मलाच म्हणत होते."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? फोन थरथरला. वळसा घेतला."

"ताई, उद्यापासून तू दुसऱ्या रस्त्याने जा."

"छे," ताई म्हणाली. "त्या रस्त्याने सात मिनिटं जास्त लागतात."